वैद्यबुवांची भवानी

एका गावात एक वैद्यबुवा राहत होते आणि त्या गावातलं एकेक पोट त्यांना नावानिशी ठाऊक होतं. कुणाला वांगं बाधतं, कुणाला ताक मानवतं, कुणी पडवळ खावं आणि कुणी पावट्याकडे बघूसुद्धा नये, हे ते विचारण्याआधीच सांगत. सगळ्या भाज्यांचे आणि फळांचे गुण त्यांना तोंडपाठ होते. पण खरं सांगायचं तर त्यांनी उभ्या आयुष्यात एक मिरचीसुद्धा विकत घेतली नव्हती. ते काम वैद्यीणबाईंचं.

वैद्यबुवांचा स्वभाव भारी काळजीखोर. औषध देऊन रोग्याच्या घरून निघायचे, कोपऱ्यापर्यंत जायचे आणि परत फिरून विचारायचे, “मधातून म्हणालो ना मी? की तुपातून म्हणालो?” मधातूनच म्हणालेले असायचे. लोक हसायचे, पण त्यांच्या औषधाने बरेही व्हायचे, म्हणून ते हसणं मायेचं असे.

त्या घराची एक रीत होती. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे भोगीला, वर्षभरात जे कुणी मोठ्या दुखण्यातून उठले असतील त्यांना वैद्यांकडे जेवण असे. हरभरा, वांगी, गाजर, घेवडा, पावटा अशी सगळी मिळून केलेली भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा आणि शेवटी बोरं नि पेरू. “आज तुमचं पथ्य सुटलं हो,” असं म्हणत वैद्यीणबाई स्वतः वाढायच्या. त्या पंगतीला बसलं की माणूस खरा बरा झाला, असं गाव मानत असे.

एका वर्षी भोगीला महिना उरला असताना वैद्यीणबाई विहिरीच्या पायरीवर घसरल्या आणि त्यांचा पाय मुरगळला. वैद्यबुवांनी लेप लावला, पट्टी बांधली आणि सांगितलं, “महिनाभर उंबरा ओलांडायचा नाही.”

“आणि बाजार?” बाईंनी विचारलं.

“मी करीन. त्यात काय एवढं?”

म्हणून तर गेले, पण पिशवी कुठे टांगलेली असते, तेही त्यांना बाईंनाच विचारावं लागलं.

बाजार आठवड्यातून एकदा, ओढ्याकाठच्या चिंचांखाली भरायचा. बाईंनी त्यांच्या हातावर एक रुपया ठेवला. “एवढ्यात आठवड्याची भाजी आणि फळं येतात. ताजं बघून घ्या. आणि अहो, भाजी बघायच्या आधी जरा माणसांशी बोला.”

“माणसांशी काय बोलायचं? मला भाजी घ्यायची आहे,” वैद्यबुवा म्हणाले आणि पिशवी घेऊन निघाले.

त्या दिवशी सगळ्या बाजाराची करमणूक झाली. वैद्यबुवांनी एक वांगं उचललं, डोळ्यांजवळ नेलं, बोटांनी हळूच दाबलं आणि डोळे मिटून विचार करत उभे राहिले.

वांगीवाली मोठी तोंडाळ बाई. ती म्हणाली, “काय वैद्यबुवा, वांग्याची नाडी बघताय काय? ताप तर नाही ना त्याला?”

भाजीवाल्यांची सगळी ओळ हसली. वैद्यबुवा लाजून लाल झाले आणि पुढ्यात आलं ते पिशवीत भरत सुटले. एक रुपया अर्ध्या बाजारातच संपला.

घरी बाईंनी पिशवी जमिनीवर ओतली. भेंडी अशी की सुरीला दाद देईना. मुळा आतून पोकळ. पपई एका बाजूने पिकलेली, दुसऱ्या बाजूने दगड.

“कोवळा मुळा तिन्ही दोषांवर चांगला, असं ग्रंथात आहे,” वैद्यबुवा ओशाळून म्हणाले.

“आणि कोवळा ओळखायचा कसा, ते?”

“ते ग्रंथात नाही.”

बाई पाय दुखत असतानाही खळखळून हसल्या. मग त्यांनी शिकवलं. भेंडीचं टोक मोडून बघायचं, कट्‌कन मोडलं तर कोवळी. वांग्याचा देठ हिरवा आणि ताठ हवा. मुळा हातात जड लागला पाहिजे. पेरू नाकाने घ्यायचा, डोळ्यांनी नाही. वैद्यबुवांनी सगळं वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि दोनदा वाचून पाहिलं.

पण ताजं ओळखता आलं तरी रुपयात बसवायचं कसं, ही काळजी उरलीच. रात्रंदिवस तेच डोक्यात. अशात एक कारकून खोकल्याचं औषध घ्यायला आला. वैद्यबुवांनी औषध बाजूला ठेवून त्यालाच आपलं दुखणं सांगितलं.

कारकून हसला. “सोपं आहे, वैद्यबुवा. उजाडता उजाडता जा. बाजारात दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. भवानीचं गिऱ्हाईक कुणी रिकाम्या हाताने परत पाठवत नाही, सगळा दिवस वाईट जातो म्हणतात. तुम्ही अर्धा भाव सांगा आणि उठायला लागा. देतात की नाही बघा!”

वैद्यबुवांना ही युक्ती फार आवडली. पुढच्या बाजाराला ते कोंबडा आरवायच्या आत ओढ्यावर हजर. बायका पाट्या उतरवून माल मांडत होत्या. वैद्यबुवा पहिल्या पाटीपुढे बसले, वांग्यांचे देठ पाहिले, भाव विचारला आणि निम्मा सांगितला.

“असं काय करता, वैद्यबुवा? तोडणावळ तरी सुटू द्या,” वांगीवाली म्हणाली.

“राहू दे मग,” म्हणत वैद्यबुवा उठू लागले.

“अहो, बसा बसा! भवानीच्या वेळेला उठू नका.” तिने वांगी पिशवीत टाकली, पैसे कपाळाला लावले, पण हसली मात्र नाही.

मग गाजरवाली, मग घेवडेवाली, मग पेरूवाली. प्रत्येकीची भवानी वैद्यबुवांनीच केली, आणि प्रत्येकीकडे निम्म्या भावात. सूर्य वर यायच्या आत पिशवी भरली आणि हातात पैसे उरले. त्यांतून त्यांनी औषधासाठी सुंठ आणि मध घेतला आणि ताठ मानेने घरी आले.

बाईंनी पिशवी पाहिली. भेंडी कोवळी, पेरू घमघमीत, एकही वांगं किडकं नाही. “शिकलात हो! पण पैसे कसे उरले? माझ्या हातून तर कधी उरले नाहीत.”

वैद्यबुवांनी मोठ्या अभिमानाने युक्ती सांगितली.

बाईंचा चेहरा जरा उतरला. “सगळ्या ओळीची भवानी तुम्हीच केलीत?”

“सगळ्या.”

“वांगीवालीची सून बाळंत व्हायची होती. काय झालं तिला?”

“मी नाही विचारलं.”

“हं,” बाई म्हणाल्या आणि भेंडी पुसायला घेतली. त्या ‘हं’चा अर्थ काय असेल, याची वैद्यबुवांनी दुपारपर्यंत काळजी केली, पण त्यांनी विचारलं नाही. त्याच्या पुढच्या बाजारालाही त्यांनी तसंच केलं.

बघता बघता भोगी उद्यावर आली. बाजारही नेमका आदल्या दिवशीच होता. पंगतीला यंदा तेवीस माणसं होती. त्यांत विषमज्वरातून उठलेला कुंभार होता, बाळंतरोगातून वाचलेली परटीण होती आणि मरता मरता राहिलेले एक आजोबा होते, ते तर आठ दिवसांपासून भोगीच्या भाजीबद्दल बोलत होते. बाईंनी डब्याच्या तळाशी जपून ठेवलेले दोन रुपये काढून दिले.

“एवढेच आहेत,” त्या म्हणाल्या. “दर वर्षी एवढ्यातच होतं. भाजी कमी पडली तर पंगतीतून कुणी काही बोलणार नाही. पण मला वाढताना हात आखडता घ्यावा लागेल, आणि ते मला व्हायचं नाही.”

“तू काळजी करू नकोस,” वैद्यबुवा म्हणाले. निम्म्या भावात दोन रुपयांचा माल म्हणजे चार रुपयांचा, असा हिशेब त्यांनी मनात मांडला होता.

धुक्यातून ते ओढ्यावर पोचले आणि थबकले. ओळीत सगळी धांदल उडाली होती.

“ए आक्का, एक मिरची दे गं लवकर, हा घे पैसा!”

“मला एक गाजर टाक! आले बघ ते!”

“माझी झाली भवानी!”

“माझी पण झाली!”

बायका एकमेकींकडून मिरची, गाजर, कोथिंबिरीची काडी, जे हाताला लागेल ते घेत होत्या आणि हसत होत्या. वैद्यबुवा वांगीवालीच्या पुढ्यात येईपर्यंत तिने शेजारणीच्या टोपलीतून घेतलेली मिरची पदराला बांधलीसुद्धा होती.

“या वैद्यबुवा, काय देऊ? भवानी झाली हो माझी. आता भाव पुरा.”

वैद्यबुवा गोंधळले. “म्हणजे हे सगळं मला चुकवायला? माझ्या हाताने भवानी झाली की दिवस वाईट जातो, असं वाटतं की काय तुम्हाला? अगं, हाताचा आणि विक्रीचा काही संबंध नसतो. याला आधार नाही काही.”

“आधार कसा नाही?” वांगीवालीने कमरेवर हात ठेवले. “तुम्ही माझ्या पुढ्यात बसता तेव्हा मागे पाच माणसं कान लावून उभी असतात, ती दिसतात का तुम्हाला? तुम्ही दोन आण्यांची वांगी एका आण्याला नेता. मग ती पाचही म्हणतात, वैद्यांना एक आणा, मग आम्हाला दोन का? त्यांचं ऐकून पुढची दहा. संध्याकाळपर्यंत माझी वांगी एका आण्यालाच जातात. पहिला भाव तोच दिवसाचा भाव. बाई महिनाभर आल्या नाहीत, आणि दोन बाजार झाले, मी घरी जाताना मीठ घ्यायचं सोडून देते. आता सांगा, तुमच्या हाताचा संबंध आहे की नाही?”

रोग कुठून सुरू झाला आणि कसा पसरला, हे ओळखण्यात वैद्यबुवांचं आयुष्य गेलं होतं. इथे रोग त्यांनीच आणला होता आणि औषधाचे पैसे दुसरंच कुणी भरत होतं. ते वही काढून पुढे सरकले.

भोगीमुळे भाव चढलेले होते. त्यांनी ओळीभर फिरून, वहीत मांडून पाहिलं. ओल्या हरभऱ्याच्या आठ जुड्या हव्यात, त्याचा एक रुपया. बाकी सगळ्याला मिळून दीड. म्हणजे आठ आणे कमी. कितीही वेळा बेरीज केली तरी आठ आणे कमीच.

इतक्यात ओळीच्या टोकाला एक म्हातारी येऊन टेकली. डोंगरापलीकडून चालत आली होती, म्हणून उशीर झालेला. डोक्यावरची पाटी उतरवली तर आत पाल्यासकट बांधलेला हिरवागार हरभरा, अजून दवाने ओला. तिच्या शेजारी कुणीच नव्हतं आणि या ओळीत काय चाललंय, हेही तिला ठाऊक नव्हतं.

“या बाबा,” तिने वैद्यबुवांना हाक मारली. “भवानी करा म्हातारीची. काय द्यायचं ते द्या.”

वैद्यबुवा तिच्यापुढे बसले. हरभरा निम्म्या भावात मिळाला तर आठ आणे वाचत होते आणि बाकीचं सगळं पुऱ्या भावाने घेऊनही बरोबर भागत होतं. ही बाई परक्या गावची, पुन्हा कशाला भेटतेय! शिवाय ती स्वतःच म्हणते आहे, काय द्यायचं ते द्या. आणि पैसे काही माझ्या चैनीला नकोत, तेवीस माणसांच्या पानात पडणार आहेत. एवढी कारणं जमली, तेव्हाच वैद्यबुवांना स्वतःचा संशय आला. साध्या सर्दीला कुणी पाच औषधं द्यायला लागला की काहीतरी लपवतोय, हे त्यांना माहीत होतं.

त्यांनी मान वळवून पाहिलं. मागे चारपाच गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन उभी होती. सगळ्यांचे कान इकडेच.

“आजी,” त्यांनी विचारलं, “घरून निघताना काय भाव मनात धरला होता तुम्ही?”

“धरला होता दोन आणे जुडी. पण भवानी आहे बाबा, तुम्ही म्हणाल ते.”

“मग दोन आणेच,” वैद्यबुवा म्हणाले, आणि जरा मोठ्यानेच म्हणाले. “आठ जुड्या द्या. हा घ्या रुपया.”

म्हातारीने रुपया डोळ्यांना लावला. मागून लगेच एक जण पुढे सरकला. “दोन आणे ना आजी? चार द्या मला.” त्याच्यामागून दुसरी बाई, तिच्यामागून तिसरी. कुणी घासाघीस केली नाही. चिंचेवर ऊन चढेपर्यंत म्हातारीची पाटी रिकामी झालेली होती.

वैद्यबुवांना मात्र ते बघायचं भान नव्हतं. ते हरभऱ्याच्या जुड्या मांडीवर घेऊन चिंचेच्या बुंध्याशी बसले होते. उरलेल्या रुपयात गाजर घ्यावं तर घेवडा राहतो, घेवडा घ्यावा तर वांगी राहतात. नुसत्या हरभऱ्याची काही भोगी होत नाही. घरी जाऊन काय सांगायचं?

“ओ वैद्यबुवा! असे काय बसलात? कुणी रोगी दगावला काय?” वांगीवाली समोर उभी होती.

“नाही गं बाई. पैसे पुरत नाहीत.” त्यांनी सगळं सांगितलं. वही दाखवली, बेरीजसुद्धा दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, पण तिने बघून मान हलवली.

“फुकट मी देणार नाही,” ती म्हणाली.

“मी मागतही नाही.”

“पण बाई दर भोगीला काय नेतात, ते सांगते. बाई वाकडा माल नेतात.”

“वाकडा म्हणजे किडका?”

“किडका दिला असता तर बाईंनी माझ्याच डोक्यात घातला असता!” तिने आपल्या पाटीमागचं फडकं उचललं. खाली जुळी वांगी होती, देठ तुटलेली वांगी होती, पाठीवर खरचटल्याचा डाग असलेली वांगी होती. “पहाटेचीच तोड आहे. नुसतं रूप नाही बिचाऱ्यांना. ढीग मांडला की गिऱ्हाईक यांना बाजूला सारतं. पण भोगीच्या भाजीत शेवटी चिरूनच टाकायचं ना? ए आक्का, तुझी दोन पायांची गाजरं काढ! आणि तुझ्या पोत्यात शेंगांतून निसटलेला पावटा असेल बघ!”

वैद्यबुवांनी एक वांगं उचलून मोडून पाहिलं. आतून पांढरंशुभ्र. “हे मला आधी का नाही सांगितलंस?”

“विचारलंत कुठे? तुम्ही अंधारात यायचात, भाव पाडायचात आणि निघून जायचात. बाई आल्या की आधी निम्मी ओळ बोलत बसते, मग कुठे भाजीची गोष्ट निघते.”

“मग आज का सांगतेस?”

वांगीवालीने ओळीच्या टोकाकडे हनुवटी केली. म्हातारी रिकामी पाटी झटकत होती. “तिचा हरभरा एका आण्याला गेला असता तर दुपारी आमच्या सगळ्यांचा भाव बसला असता. तुम्ही तो उचलून धरलात. आता ऐका, वाकड्याला वाकड्याचा भाव. पण तो मात्र मी पुरा घेणार.”

“पुरा घे,” वैद्यबुवा म्हणाले. मग सवयीने त्यांना काळजी वाटली. “नक्की परवडतं ना तुला एवढ्यात?”

“आता आणखी काळजी केलीत तर भाव वाढवीन हं मी!”

ओळ हसली आणि या वेळी वैद्यबुवाही हसले. जुळी वांगी, दोन पायांची गाजरं, आखूड घेवडा, सुटा पावटा, पक्ष्याने एक चोच मारलेले पेरू आणि ओंजळभर ठेचकाळलेली बोरं, असं करत करत पिशवी भरली, मग उपरण्याचं गाठोडं भरलं. निघता निघता वैद्यबुवा कोपऱ्यावरून परत फिरले.

“काय राहिलं आता?” वांगीवालीने विचारलं.

“तुझ्या सुनेचं काय झालं?”

वांगीवालीचा चेहरा फुलला. “नात झाली! पंधरा दिवस झाले. पण रात्रभर रडते हो पोर.”

“बाळंतशोप पाठवतो. सुनेला द्यायची, म्हणजे पोरीचं पोट दुखायचं थांबेल,” वैद्यबुवा म्हणाले आणि बाळाच्या पोटाला शेक कसा द्यायचा, हे समजावत तिथेच बसले. मागे गिऱ्हाइकं खोळंबली, पण कुणी तक्रार केली नाही. त्यांतल्या दोघींनी आपापल्या घरचे उपाय सांगितले.

दुसऱ्या दिवशी तेवीस पानं मांडली गेली. वैद्यीणबाई पाटावर बसून वाढत होत्या आणि वैद्यबुवा पातेलं त्यांच्या हाताशी सरकवत होते. कुणाच्या भाजीत गाजराला दोन पाय होते की तीन, हे कुणालाच कळलं नाही. मरता मरता राहिलेल्या आजोबांनी तीनदा भाजी घेतली, चौथ्यांदा वाटी पुढे केली आणि वैद्यबुवांनी ‘पुरे’ म्हणायच्या आत बाईंनी डावभर ओतली. त्यांचा हात एकदाही आखडला नाही.

पंगत उठल्यावर बाईंनी पिशवी मागितली. वैद्यबुवांनी ती उलटी करून झटकली. कोथिंबिरीची एक सुकी काडी तेवढी खाली पडली.

“किती उरले?” बाईंनी विचारलं.

“काहीच नाही उरलं,” वैद्यबुवा चाचरत म्हणाले.

बाई समाधानाने हसल्या. “मग जमला तुम्हाला बाजार.”

तात्पर्य एवढंच: काटकसर जरूर करावी, पण ती आपल्या निवडीत करावी, दुसऱ्याच्या कष्टाच्या दामात नाही. रूप सोडलं तर थोड्या पैशांतही ताजं मिळतं, आणि माणसाला त्याचा दाम दिला तर ते कुठे मिळतं, हे तोच आपणहून सांगतो.